एकाच आठवड्यातले दोन ‘२० तास’

पार्श्वभूमी

ही हकिकत अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठातली. विद्यापीठ, संघ, माणसं, वर्ष यांपैकी काहीच ओळखू येऊ नये अशी काळजी घेतली आहे, आणि जिच्याबद्दल हे आहे तिने पूर्ण मसुदा वाचून होकार दिला आहे. मी तेव्हा त्याच विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासातल्या अडचणी पाहणाऱ्या विभागात काम करत होते. तिची-माझी ओळख मात्र मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, आरतीनंतर प्रसादाचे द्रोण भरताना.

मुलगी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील शाळेत पी.टी.चे सर. संध्याकाळी शाळेच्या मैदानात दोन खांबांना जाळी बांधून व्हॉलीबॉल चालायचा, त्यात ती लहानाची मोठी झाली, पुढे विद्यापीठाच्या संघात लिफ्टर, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारी, म्हणून खेळली. पुण्यात इंजिनिअरिंग, दोन वर्षं नोकरी, मग शैक्षणिक कर्ज काढून उपयोजित संख्याशास्त्रात मास्टर्स करायला अमेरिका. तिथल्या महिला व्हॉलीबॉल संघाला आकडेवारी आणि व्हिडिओ सांभाळणारी ग्रॅज्युएट असिस्टंट हवी होती. सगळे याला ‘जीए’ म्हणतात. खेळ कळणारी आणि आकडे कळणारी, दोन्ही एकाच माणसात मिळाल्यावर संघाने तिला लगेच घेतलं. महिन्याला स्टायपेंड आणि शिकवणी शुल्क माफ. करारात एक ओळ होती: काम आठवड्याला २० तास.

कॉलेजचा व्हॉलीबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखं आठ-दहा दिवसांचं प्रकरण, असं वाटत असेल तर थोडं थांबायला हवं. महिलांचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबरात संपते. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलचा सामना घेतला, तेव्हा ९२,००३ लोक आले होते. आणि प्रवास दर वर्षी लांबतोच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं ‘बिग टेन’ परिषदेत, म्हणजे आपसात साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, आली, त्यामुळे न्यू जर्सीतलं रटगर्स आणि लॉस एंजेलिसमधलं यूसीएलए आता एकाच साखळीत खेळतात. आमच्या मुलीचा संघ एवढ्या मोठ्या परिषदेत नव्हता. बहुतेक प्रवास बसने, दोन-तीनदा विमानाने. पण बसने म्हणजे विमानापेक्षा कमी वेळ गेला असं नाही.

कामाचं स्वरूप

हे जरा सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी गुंतागुंत यातूनच आली.

सामना चालू असताना ती बाकाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसायची. डेटाव्हॉली नावाचं सॉफ्टवेअर आहे, जगभरातले संघ तेच वापरतात. चेंडूला झालेला प्रत्येक स्पर्श त्यात टाइप करायचा: कोणत्या नंबरच्या खेळाडूने, कोणती क्रिया, कुठून कुठे, आणि कशी जमली. पास अगदी लिफ्टरच्या हातात गेला तर हॅशचं चिन्ह, चूक झाली तर ‘=’ हे चिन्ह. रॅली पाच-सात सेकंदांत संपते. तेवढ्यात आठ-दहा कोड पडायला हवेत, आणि ते सुद्धा मान वर ठेवून, कीबोर्डकडे न पाहता. तिची बोटं चालताना मी एकदा पाहिली आहेत. डावा हात आकड्यांवर, उजवा अक्षरांवर, ओठ हलत असायचे: “सहा, पास, दोन, मधून, ब्लॉक, परत...”. तिसऱ्या सेटच्या टाइमआउटमध्ये कोचने नुसतं तिच्याकडे पाहिलं की ती सांगायची, “त्यांची लिफ्टर चौथ्या रोटेशनला पहिला बॉल मधल्याला देतच नाही.” रोटेशन म्हणजे मैदानातल्या सहा जणींची त्या वेळची फिरती मांडणी. लगेच ब्लॉक बाहेर सरकायचा.

हे झालं सामन्यातलं. सामन्यानंतर हॉटेलात तेच कोड व्हिडिओशी जुळवून साफ करायचे. पाच सेटचा सामना असेल तर अडीच-तीन तास. सरावातल्या पासिंग-सर्व्हिसचे आकडे रोज वेगळे. मग स्काउटिंग: पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे आधीचे सामने पाहून सहाही रोटेशनचे तुकडे कापायचे, हल्ल्याच्या दिशांचे नकाशे काढायचे, आणि हे सगळं गुरुवारच्या बैठकीपूर्वी. शिवाय कॅमेरे, तिपाया, केबलच्या पेट्या.

तिच्याआधी या जागेवर असलेला जीए अमेरिकन होता. तो किती तास काम करतो हे कधी कोणी मोजलं नव्हतं आणि त्यानेही नाही. जागा रिकामी झाली तेव्हा त्याचं सगळं काम होतं तसं तिच्याकडे आलं.

अडचण कशी उभी राहिली

ती एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, होती. या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांच्या वर करता येत नाही. एका आठवड्यात २८ आणि पुढच्या आठवड्यात १२ असं सरासरीने भागत नाही, प्रत्येक आठवडा वेगळा धरतात. ‘जास्तीचे तास मी सेवा म्हणून करते’ हीही पळवाट नाही. ज्या कामाला एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं तरी ते कामच ठरतं. अनधिकृत काम केल्याचं सिद्ध झालं तर व्हिसाचा दर्जा जातो, आणि मग तो पुन्हा मिळवण्याची नेहमीची वाटही बंद होते.

हे तिला ठाऊक होतं. ओरिएंटेशनला सांगितलेलं असतं. कोचलाही ‘२० तास’ ठाऊक होते. आणि इथेच ती गफलत झाली, जिच्यासाठी हे प्रकरण लिहून ठेवावंसं मला वाटलं.

कोचच्या डोक्यात जे २० तास होते ते एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे. खेळाडूंसाठी तसा नियम आहे: हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. पण त्या नियमाची मोजणी निराळी. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तास धरायचा. प्रवास मोजायचाच नाही. प्रशिक्षक वर्षानुवर्षं याच मापाने आठवडा आखतात, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यांनी तिचा आठवडाही तसाच मनात मांडला: सराव ८ तास, दोन सामने ३ आणि ३, व्हिडिओ बैठका ४. झाले १८. मर्यादेच्या आत. मनात कसलंही पाप नव्हतं, उलट आपण परदेशी मुलीची काळजी घेतोय असंच त्यांना वाटत होतं.

तिचा खरा आठवडा आम्ही दोघींनी ऑक्टोबरात माझ्या टेबलावर बसून कागदावर मांडला. सरावाचे आकडे ८ तास. दोन प्रतिस्पर्ध्यांचं स्काउटिंग १०. दोन सामने, आधीच्या मांडणीसकट, ८. कोड साफ करणं ५. सामान २. एकूण ३३. प्रवासाचे १४ तास वेगळेच. त्याखाली तिने अभ्यासाचे तास लिहायला घेतले आणि पेन थांबलं. ९ क्रेडिट, तीन विषय. वर्गाचे नऊ तास सोडले तर लिहिण्यासारखं काही उरत नव्हतं.

ती माझ्याकडे आली ते मात्र तासांमुळे नाही, संख्याशास्त्राच्या सहामाहीमुळे. वर्ग मंगळवार-गुरुवार दुपारचा. संघ परगावी जाणार असेल तेव्हा गुरुवारी सकाळीच बस सुटायची. पूर्ण हंगामात असे सात गुरुवार होते, आणि सहामाही त्यांतल्याच एका गुरुवारी. प्राध्यापकांनी बुधवारी सकाळी परीक्षा देऊ दिली, त्यांनी अडवलं नाही. पण रविवारी रात्री ती दौऱ्यावरून परतली होती, सोमवार-मंगळवार दोन संघांचं स्काउटिंग होतं, आणि मंगळवारी रात्री तीन तास झोपून ती परीक्षेला बसली. १०० पैकी ५८.

त्याच गुरुवारचं एक दृश्य तिने सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही. शुक्रवारच्या सामन्यासाठी संघ गुरुवारी दुपारी हॉटेलात पोचला. छोट्या सभागृहात चारला व्हिडिओ बैठक होती, म्हणून ती प्रोजेक्टर घेऊन साडेतीनला दाराशी गेली. आत संघातल्या दोन मुली परीक्षा देत होत्या. संघाबरोबर आलेल्या शैक्षणिक समन्वयक समोर बसल्या होत्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, दारावर ‘परीक्षा चालू आहे, शांतता राखा’ असा कागद. खेळाडूंना गैरहजेरीचं अधिकृत पत्र मिळतं, प्रवासात परीक्षेची सोय होते, शिकवणीला माणूस मिळतो. हे सगळं असायलाच हवं. पण दाराबाहेर प्रोजेक्टर धरून उभी असलेली मुलगीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती, आणि नोंदीत ती ‘स्टाफ’ असल्याने यातलं काहीच तिच्या वाट्याला येत नव्हतं.

त्या रात्री साडेदहाला तिने घरी फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. वडील म्हणाले, “बाळा, तू शिकायला गेलीस की दौरे करायला, एवढं एकदा ठरव.” रागाने नाही म्हणाले. पण तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला मेसेज केला, “ताई, रविवारी परत आले की येऊ का? तुमच्या ऑफिसातच येते.”

कोणकोणते मार्ग होते

काम सोडणं हा पहिला विचार. सरळ आहे, पण शुल्कमाफी त्याबरोबरच जाते. बाहेरच्या विद्यार्थ्याचं पूर्ण शुल्क भरायचं तर कर्ज वाढवावं लागलं असतं, आणि वडिलांच्या पगारावर ते झेपणारं नव्हतं. शिवाय तिला हे काम मनापासून आवडत होतं. अशा हिशेबात आवडीला किंमत नसते असं लोक धरून चालतात; मला ते पटत नाही. पुढे क्रीडा-विश्लेषणातच काम करायचं म्हणून ती आली होती.

एखादा विषय सोडावा, तर एफ-१ वर पूर्णवेळ नोंदणी राखावी लागते. कमी भार घ्यायला डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याची, आधी मंजुरी लागते आणि तिची कारणं ठरलेली आहेत. ‘नोकरीचं काम फार झालं’ हे त्यात बसत नाही. मग एक विषय ऑनलाइन तुकडीत हलवायचा? एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय, ३ क्रेडिटपर्यंत, पूर्णवेळच्या हिशेबात धरतात, म्हणजे नियमात ते बसत होतं. पण तुकडी बदलायची मुदत ऑगस्टातच संपली होती.

तास लपवून डिसेंबरपर्यंत रेटायचं, हाही मार्ग तिने बोलून दाखवला. “अजून सहाच आठवडे आहेत, ताई. कोणी मोजत नाही.” मी तिला तिथेच थांबवलं. आजवर कोणी मोजलं नाही म्हणून पुढे मोजणार नाही असं नसतं, आणि मोजलं गेलं असतं तर शिक्षा एकट्या तिला झाली असती, संघाला नाही.

उरलं ते कामाची नव्याने वाटणी करणं. त्यासाठी कोचशी बोलावं लागणार होतं आणि नेमकं तेच तिला नको होतं. कोचने आपल्याला निवडलं, विश्वास टाकला, आता आपण ‘एवढंच करीन’ म्हणायचं कसं? आपल्याकडच्या मुला-मुलींची ही अडचण मी अनेकदा पाहिली आहे. सरांसमोर तास मोजणं म्हणजे त्यांना उद्धटपणा वाटतो. मी तिला म्हटलं, तू तास मोजू नकोस, कागद ने. कागद बोलेल.

काय केलं, कोणत्या क्रमाने

क्रमाला इथे महत्त्व होतं. आधी कोच, मग डीएसओ, असं तिला वाटत होतं. मी सुचवलं की पहिल्यांदा विद्यापीठाबाहेरच्या इमिग्रेशन वकिलाकडे जा, कारण मागचे आठवडे २० तासांच्या वर गेलेले होते. डीएसओ मदतच करतात, पण त्यांच्यावर नोंदी ठेवण्याची जबाबदारीही असते. आपण काय बोलतोय हे समजून तिथे जावं. तिने एका तासाची फी भरून सल्ला घेतला. वकिलाने काय सांगितलं ते त्या दोघींमधलं आहे, मी इथे लिहिणार नाही. त्या आठवड्यापासून मात्र २० ही आकड्याची भिंत झाली.

मग बैठक. मुख्य कोच, संघाचं प्रवास-खर्च-वेळापत्रक पाहणाऱ्या ऑपरेशन्स प्रमुख, ती आणि मी. तिने ३३ तासांचा कागद टेबलावर ठेवला. कोचने तो वाचला आणि विचारलं, “सामन्याचे चार तास का? तीन धरायचे ना?” त्या प्रश्नातून सगळा उलगडा झाला. दोन नियम, आकडा एक, मोजण्याची रीत वेगळी, हे त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी मोठ्याने बोललं. कोच बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की आधीच्या मुलालाही मी असंच राबवलं असणार, त्याने कधी सांगितलं नाही.

वाटणी अशी झाली: एका प्रतिस्पर्ध्याचं स्काउटिंग ५ तास, दोन सामने ८, कोड साफ करणं ५, बैठका २. बरोबर २०. दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचं स्काउटिंग सहायक प्रशिक्षकांकडे. सरावाचे आकडे आणि सामान पदवीच्या विद्यार्थी मॅनेजरांकडे. परतीच्या बसमध्ये तिने लॅपटॉप उघडायचा नाही, आणि उघडला तर ते तास धरायचे. परगावचे तीन दौरे उरले होते, त्यांतल्या एकालाच तिने जायचं. बाकी दोन दौऱ्यांतले सामने घरून थेट प्रक्षेपण पाहून कोड करायचे.

घरून काम करण्याचा पहिला प्रयत्न फसला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रक्षेपण मैदानापेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे चालत होतं, म्हणजे टाइमआउटमध्ये बाकाला काही कळवायचं तर ते शिळं. म्हणून बाकावर एका मॅनेजर मुलीला डेटाव्हॉलीवर बसवलं. तिने दुसऱ्या सेटच्या सुरुवातीचं रोटेशन एक घर चुकीचं भरलं. एकदा रोटेशन चुकलं की पुढचा प्रत्येक आकडा भलत्या खेळाडूंच्या जोडीला जाऊन चिकटतो. संघ पाच सेटमध्ये हरला. हे आकड्यांमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण चौथ्या सेटमध्ये कोच अंदाजाने खेळवत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. ती घरी स्क्रीनसमोर बसून रडली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच उपाय काढला: मॅनेजरने सॉफ्टवेअरला हातच लावायचा नाही, वहीत फक्त पासला ३, २, १, ० असे गुण लिहायचे, बाकावर तेवढं पुरतं. बाकी सगळं नंतर व्हिडिओवरून. पुढच्या दौऱ्यात हे नीट चाललं.

संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी सहामाहीचे गुण बदलले नाहीत. तिने ते मागितलेही नाहीत. दर मंगळवारी त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन बसायची परवानगी मात्र मागितली, आणि मग एकही मंगळवार चुकवला नाही.

निष्पत्ती

संघ परिषदेच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत हरला, राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत जागा मिळाली नाही, आणि नोव्हेंबर संपायच्या आत हंगाम संपला. तिच्यासाठी त्याचा अर्थ असा की अंतिम परीक्षेपूर्वी दोन आठवडे मोकळे मिळाले. संघ जिंकला असता तर पहिली फेरी नेमकी अभ्यासाच्या आठवड्यात आली असती, आणि त्या शक्यतेसाठी आमच्या योजनेत काहीही नव्हतं. संघ पुढे जावा ही तर सगळ्यांचीच इच्छा होती, पण तो खरंच गेला तर काय करायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं.

एका विषयात ए, एकात बी प्लस, संख्याशास्त्रात बी मायनस. सरासरी ३.३३, म्हणजे आवश्यक ३.० च्या वर. पण मुख्य विषयात किमान बी हवा, अशी त्या अभ्यासक्रमाची अट होती. त्यामुळे तो विषय तिला पुढच्या सत्रात पुन्हा घ्यावा लागला आणि प्रबंधाचं काम एका सत्राने मागे पडलं. व्हिसा सुरक्षित राहिला, जीएची जागा राहिली. दिवाळीत आईने पाठवलेला फराळाचा डबा उघडायला तिला पाडव्यानंतर पाच दिवस लागले होते. तेव्हा बोलण्याच्या ओघात तिने सांगितलेली ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण कुठल्याही तक्त्यात ती येत नाही.

निर्णयाच्या जागा, मागे वळून पाहताना

सर्वांत मोठी चूक ऑगस्टात झाली आणि ती अगदी साधी होती. वर्ग निवडताना ऑपरेशन्सकडून तिला एकच सूचना होती: सरावाची वेळ मोकळी ठेव. संख्याशास्त्राची सोमवार-बुधवारची तुकडी सकाळी होती आणि ती सरावावर येत होती, म्हणून तिने मंगळवार-गुरुवारची घेतली. पण सरावाचे आकडे कोणीही मॅनेजर लिहू शकतो, पुढे लिहिलेच. गुरुवारची बस मात्र तिच्यासाठी थांबत नाही. सामन्यांचं वेळापत्रक उन्हाळ्यातच जाहीर झालेलं होतं. ते समोर ठेवून वर्ग निवडले असते तर सातपैकी सातही गुरुवार वाचले असते, आणि ऑनलाइनची एक जागाही तेव्हा हातात होती.

दुसरं, सहामाहीच्या आधी तिने समन्वयकांना विचारलंच नाही की मीही खेळाडूंबरोबर त्या सभागृहात बसून पेपर दिला तर चालेल का. नियमात तशी सोय नव्हती, पण मनाईही नव्हती. मी नंतर त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एक खुर्ची जास्त मांडली असती, त्यात काय.” हा दोष मी तिच्याइतकाच माझ्या विभागाच्याही पदरात घालते. आमच्याकडे शिक्षक-सहायक आणि संशोधन-सहायक यांच्यासाठी माहितीपत्रक होतं. संघाबरोबर फिरणाऱ्या जीएंसाठी नव्हतं, आणि त्या वर्षी वेगवेगळ्या खेळांत मिळून असे डझनभर विद्यार्थी तरी होते.

तिसरं माझं स्वतःचं. गणपतीत ती भेटली तेव्हाच बोलली होती की या आठवड्यात तीन शहरं झाली. मी कौतुक केलं आणि मोदक वाढायला पुढे गेले. तीन शहरं ऐकून तास विचारायचं मला सुचायला हवं होतं. ते माझं रोजचं काम होतं.

कोचच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. वाटणी बदलल्यावर सहायक प्रशिक्षकांवर भार वाढला आणि त्यांतल्या एकाने तो नाखुशीनेच घेतला. व्हिडिओचं कोडिंग करून देणाऱ्या सशुल्क सेवा आहेत. बरेच संघ त्या घेतात. हा संघ ते पैसे वाचवत होता, आणि ते काम इतकी वर्षं जीए आपल्या झोपेतून करत होते. पुढच्या अंदाजपत्रकात कोचने त्या सेवेसाठी मागणी टाकली. निम्मी मंजूर झाली.

पुढच्या ऑगस्टात ऑपरेशन्स प्रमुखांनी एकच मोठा तक्ता केला: डावीकडे सामने आणि बसच्या वेळा, मधे तिचे वर्ग आणि परीक्षांच्या तारखा, उजवीकडे तिचे तास, आठवड्याची बेरीज खाली. तिने वर्ग सोमवार-बुधवारचे घेतले. एक प्रश्न तेवढा तसाच राहिला. बसमध्ये लॅपटॉप बंद ठेवून नुसतं बसलेले सात तास कामाचे की नाहीत? डीएसओने तो मनुष्यबळ विभागाकडे पाठवला, मनुष्यबळ विभागाने कायदा विभागाकडे. मी ते विद्यापीठ सोडेपर्यंत लेखी उत्तर आलं नव्हतं. तोवर तिने तक्त्यात त्या तासांसाठी एक वेगळा रकाना आखून घेतला होता आणि दर रविवारी रात्री, खोलीत शिरल्या शिरल्या, त्यात आकडा भरत होती.